मान मऊ, बूड कडक: एएमपी मार्क टू, गॅसचा टॉर्च आणि टपालानं मिळणारी सेवा

अमेरिकेत रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरणाऱ्यांपुढे दोन-चार वर्षांत एक प्रश्न हमखास येतो. पुंगळीची मान, म्हणजे बुलेट धरणारं अरुंद तोंड, तापवून मऊ करायला, म्हणजे अ‍ॅनिलिंगला, दीड हजार डॉलरचं यंत्र घ्यायचं की तीस-चाळीस डॉलरच्या गॅस टॉर्चवर भागवायचं? हे परीक्षण न्यूझीलंडमध्ये बनणाऱ्या एएमपी मार्क टू या इंडक्शन यंत्राचं आहे. पण टॉर्च आणि टपालानं पुंगळ्या पाठवून अ‍ॅनिलिंग करून घेण्याची सेवा बाजूला ठेवली तर यंत्राची किंमत योग्य की अवाजवी हे कळणार नाही, म्हणून तिन्ही इथे घेतली आहेत.

निकाल आधीच सांगतो. यंत्र उत्तम आहे, आणि त्यातून विकत मिळतो तो सारखेपणा. पहिल्या पुंगळीला जेवढा ताव बसला तेवढाच शंभराव्या पुंगळीला बसतो. आठशे-हजार यार्डांवर नेम धरणाऱ्याला, ज्याची बाकीची सगळी मापं आधीच जाग्यावर आहेत, त्याला हा सारखेपणा कागदावर दिसतो. वर्षाला दोनशे गोळ्या झाडणाऱ्या शिकाऱ्याला तो दिसणार नाही. त्यानं टॉर्च नीट शिकावा.

आधी धातूचं बघू, कारण इथला गोंधळ पुढे सगळीकडे नडतो. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं. पितळ तसं होत नाही. ते फक्त दाबून, ताणून, ठोकून कडक होतं. गोळी झाडली की मान फुगून चेंबरला, म्हणजे रायफलमधल्या काडतुसाच्या घराला, टेकते, प्रेसवरच्या साइझिंग डायमध्ये, म्हणजे मापात आणणाऱ्या साच्यात, ती पुन्हा आवळली जाते, आणि डायमधला एक्स्पांडरचा गोळा बाहेर येताना तिला आतून परत ताणतो. दर फेरीला हे तिन्ही मार मानेला बसतात. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करणाऱ्या कारागिराला हे समजवावं लागणार नाही: ठोकत गेलं की पत्रा ताठतो, मग त्याला भट्टीत नरम करायचं आणि पुन्हा ठोकायला घ्यायचं.

मराठीत अ‍ॅनिलिंगला ‘अनुशीतन’ असा पारिभाषिक शब्द आहे. त्यात भर थंड होण्यावर आहे, आणि पोलादाच्या बाबतीत तो योग्यही आहे. पुंगळीच्या बाबतीत मात्र तो दिशाभूल करतो. पितळ सावकाश थंड झालं काय आणि पाण्यात टाकलं काय, मानेच्या मऊपणात फरक पडत नाही. किती तापलं आणि किती वेळ तापलं, एवढंच मोजायचं. पाण्यात टाकल्यानं एकच काम वाढतं: बुडातल्या फ्लॅश होल नावाच्या बारीक छिद्रात अडकलेला थेंब पूर्ण सुकवावा लागतो.

ताठलेल्या मानेचा त्रास दोन प्रकारचा. एक डोळ्यांना दिसतो: चार-सहा फेऱ्यांनंतर मानेला उभी चीर जाते. दुसरा दिसत नाही, आणि नेमबाजाच्या दृष्टीनं तोच मोठा. ताठ पितळ डायमधून बाहेर आल्यावर जास्त उसळतं. डाय तीच, प्रेस तोच, पण एका पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, ०.००२ इंच मागे जातो आणि दुसरीचा जागचा हलतही नाही. डाय अजून पाव वळसा खाली घ्यावी, तर पहिली पुंगळी गरजेपेक्षा जास्त मागे जाते. मानेचंही तसंच. डायमधलं मान आवळणारं बुशिंग एकाच मापाचं, तरी बुलेटवरची पकड कमीजास्त. बुलेट बसवताना प्रेसच्या दांड्यावर हाताला हे जाणवतं: एक लोण्यात शिरल्यासारखी जाते, पुढची अडून बसते.

म्हणून अ‍ॅनिलिंगचं काम मान आणि खांदा मऊ करणं एवढंच, आणि बुडाला हात न लावणं. .३०८ विंचेस्टर आणि ६.५ क्रीडमूर या दोन्ही काडतुसांचा कमाल दाब चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. हा दाब बूड पेलतं, आणि ते कडक आहे म्हणूनच पेलतं. बूड मऊ झालं की प्रायमरची, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीची, खोबण सैल होते, पुंगळी फाटू शकते आणि उकळता वायू बोल्टमधून मागे, म्हणजे तोंडाच्या दिशेनं येतो. अख्ख्या पुंगळ्या ओव्हनमध्ये घालून ‘एकदम मऊ’ करण्याची युक्ती कुणी सांगितली तर ती ऐकू नका. त्या पुंगळ्या भंगारात गेल्या असं समजा, आणि चुकून वापरल्या जाऊ नयेत म्हणून पक्कडीनं चेपूनच टाका.

तापमानाच्या आकड्यांबद्दलही गैरसमज पुष्कळ आहेत. जुन्या माहितीत ६५० किंवा ७५० अंश फॅरेनहाइट हा आकडा सतत भेटतो. ७५० म्हणजे जवळपास ४०० सेल्सिअस. कारखान्यात हेच पितळ ४२५ ते ७६० अंश सेल्सिअसला मऊ करतात, पण तिथे ते भट्टीत तासाच्या हिशेबानं असतं. टॉर्चपुढे पुंगळी असते पाच-सात सेकंद. वेळ इतका कमी असेल तर तापमान चढंच लागतं. ४०० अंशांना दोन सेकंद ठेवून आतली रचना फारशी हलत नाही. दुसऱ्या टोकाला, फार तापलं की पितळाचे कण मोठे होतात, मान शिशासारखी लुळी पडते आणि ती चूक परत तापवून सुधारत नाही. या दोन टोकांमधली पट्टी अरुंद आहे. कडकपणा मोजण्याच्या विकर्स मापावर साधारण १०० च्या आसपास मान असावी, असं धरून बहुतेक जाणकार काम करतात. पूर्ण ताठलेलं पितळ याच मापावर दुपटीच्या जवळ जातं.

आता यंत्र. मार्क टू हा टेबलावर बसणारा छोटा डबा आहे. वर एक भोक, त्यात पायलट नावाची बाही आट्यांवर बसते. पुंगळी प्रेसच्या नेहमीच्या, बूड पकडणाऱ्या शेल होल्डरमध्ये अडकवायची, होल्डर यंत्राबरोबरच्या मुठीत ठेवायचा, आणि पुंगळी उलटी, मान खाली करून, पायलटमध्ये सोडायची. बटण दाबलं की इंडक्शनचं वेटोळं मान आणि खांदा तापवतं. काही सेकंदांत चक्र संपतं. पुंगळी वर काढून परातीत टाकायची, पुढची घ्यायची. ज्योत नाही, गॅस नाही. बूड धातूच्या होल्डरमध्ये असल्यामुळे ते गार राहतं, आणि टॉर्चच्या कामातली सगळ्यात मोठी काळजी इथे जवळजवळ उरत नाही.

पायलट कॅलिबरच्या गटांनुसार नंबरांचे असतात. .२२३ चा .३०८ ला चालत नाही. दोन-तीन रायफली असणाऱ्यानं यंत्राच्या किमतीत पायलटांचेही पैसे धरावेत. शेल होल्डर मात्र आपलाच चालतो, तो वेगळा घ्यावा लागत नाही. एक नक्की करा: त्याच मापाचा दुसरा होल्डर जवळ ठेवा. पन्नासेक पुंगळ्यांनंतर पहिला हाताला चटका देण्याइतका तापतो. दोन आलटून पालटून वापरले की थांबावं लागत नाही.

या यंत्राचा जीव आहे त्याच्या अ‍ॅझटेक नावाच्या विश्लेषणात. एक पुंगळी बळी द्यायची. यंत्र तिला ठरावीक पद्धतीनं तापवत नेतं, तिच्या मानेचं वाटोळं करतं आणि त्या बदल्यात एक कोड देतं. त्या कोडवर त्या लॉटच्या, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेच्या, सगळ्या पुंगळ्या तापवायच्या. बळीसाठी प्रायमरची खोबण सैल झालेली, तशीही टाकून द्यायची पुंगळी निवडावी. पण ती त्याच लॉटची आणि त्याच लांबीला कापलेली हवी, आणि बाकीच्यांच्या माना टर्न केल्या, म्हणजे बाहेरून कातून पातळ केल्या, असतील तर तिचीही केलेली हवी. लॅपुआ कंपनीच्या पुंगळ्यांचा कोड हॉर्नडी कंपनीच्या पुंगळ्यांना लावला तर चूक होणार, कारण मानेची जाडी वेगळी आणि इंडक्शनला तेवढाच फरक पुरतो. एकाच कंपनीचा लॉट बदलला तरी नवा कोड काढा. माना टर्न केल्यावर तर काढाच. पातळ झालेल्या मानेला जुना कोड जड जातो.

चुका कुठे होतात तेही सांगतो, कारण यंत्र महाग असलं तरी ते विचार करत नाही. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे मागच्या वेळचा कोड तसाच राहणं. .३०८ चा कोड चालू आहे आणि .२२३ च्या पुंगळ्या आत जाताहेत, तर पहिली पुंगळी लालभडक होईपर्यंत कळत नाही. दुसरी, पुंगळी होल्डरमध्ये पूर्ण आत न सरकवणं. मग ती तिरकी उतरते आणि एक बाजू वेटोळ्याच्या जास्त जवळ जाते. तिसरी, वेगवेगळ्या लॉटची मिसळ. रेंजवरून उचललेल्या सरमिसळ पुंगळ्यांवर हे यंत्र चालवणं म्हणजे सोनाराच्या काट्यावर कांदे तोलणं. आधी बुडावरच्या शिक्क्यानुसार वेगळ्या करा, मगच कोडच्या गप्पा.

जिवंत प्रायमर असलेली पुंगळी यंत्रात काय, टॉर्चपुढे काय, कधीही जाता कामा नये. झाडलेला प्रायमर आत राहिल्यानं तांत्रिक अडचण नसते, पण आधी सगळे प्रायमर काढून टाकण्याची सवयच लावावी. मग चुकून एखादा जिवंत राहण्याचा प्रश्न उरत नाही. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी इंडक्शनचं कुठलंही यंत्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

दोष? किंमत हा पहिला आणि मोठा. पायलट धरून दीड हजार डॉलरच्या घरात जाणाऱ्या खर्चाचा हिशेब असा: चांगल्या नव्या पुंगळीला डॉलर ते सव्वा डॉलर धरला तर तेवढ्या पैशांत बाराशे ते दीड हजार नव्या पुंगळ्या येतात. ‘पुंगळ्या वाचतील, पैसे सुटतील’ या हिशेबावर यंत्र घेणाऱ्याची बेरीज बहुतेक वेळा जुळत नाही. शिवाय अ‍ॅनिलिंग मानेची चीर टाळतं. खोबण सैल होणं किंवा बुडाच्या जरा वर पुंगळीचे दोन तुकडे होणं हे दाबाचे आणि डाय फार खाली बसवल्याचे परिणाम आहेत, त्यांना ते काहीच करत नाही. जास्त दाबाचा भार भरणाऱ्याच्या पुंगळ्या खोबणीनंच मरतात, मान कितीही मऊ असो. दुसरा दोष म्हणजे प्रत्येक पुंगळी हातानं घालायची, हातानं काढायची. स्वयंचलित जोड मिळते, पण ती पुन्हा वेगळ्या पैशांची. तिसरा, विजेच्या जोडणीशिवाय काम नाही; रेंजवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते नेऊन उपयोग नाही.

यंत्रावरच्या पुंगळ्यांबद्दल एक तक्रार सारखी ऐकू येते: ‘अ‍ॅनिलिंग केलं आणि बुलेट जास्तच अडकायला लागली.’ यंत्राचा यात दोष नसतो. स्टीलच्या पिनांनी ओल्या ड्रममध्ये घोळलेल्या पुंगळ्यांच्या मानेतला काजळीचा थर निघून गेलेला असतो. तो थर वंगणाचं काम करत होता. स्वच्छ, नुकतीच तापलेली मान बुलेटच्या तांब्याला घासते आणि चिकटते. मानेच्या आत कोरड्या ग्रॅफाइटचा हलका हात फिरवा, किंवा पिनांऐवजी मक्याच्या भरड्यात घोळा म्हणजे थोडी काजळी राहते. एक्स्पांडरचा गोळा वापरत असाल तर त्याच्यासाठीही आतून वंगण हवंच, नाहीतर मऊ झालेली मान तो ओढून लांबवतो आणि खांदाही पुढे खेचतो.

आता टॉर्चकडे. ड्रिलला डीप सॉकेट, म्हणजे पान्याचं खोल तोंड, लावून त्यात पुंगळी ज्योतीपुढे फिरवायची ही पद्धत जुनी आहे, स्वस्त आहे, आणि नीट केली तर चांगली आहे. ‘नीट’ या शब्दावर सगळं अवलंबून.

.३०८ आणि ६.५ क्रीडमूरच्या बुडाचा व्यास ०.४७३ इंच, म्हणजे अर्ध्या इंची डीप सॉकेटमध्ये पुंगळी सैलसर बसते. .२२३ ला १० मिलिमीटरचं सॉकेट. सॉकेटची खोली अशी हवी की मान, खांदा आणि खाली साधारण एक सेंटिमीटर अंग बाहेर राहील. खोल असेल तर आत नट किंवा वॉशर टाकून उंची जुळवा. ड्रिल सावकाश फिरू द्या, सेकंदाला एक-दीड फेरा पुरतो. जोरात फिरवल्यानं ताव जास्त सारखा बसत नाही, पुंगळी मात्र थरथरते. प्रोपेनचा साधा सिलिंडर आणि टॉर्च पुरे. जास्त गरम ज्योतीच्या पिवळ्या सिलिंडरनं वेळ वाचतो, पण चुकण्याची फटही अर्धी होते.

टॉर्च हातात धरू नका. तो शिकंजात किंवा स्टँडवर पक्का बसवा, कारण हात दर पुंगळीला वेगळ्या अंतरावर असतो. ज्योतीच्या आतल्या गडद निळ्या शंकूचं टोक मान आणि खांद्याच्या सांध्यावर, जेमतेम न टेकता यावं. फक्त मानेच्या टोकाला ज्योत दिली तर तोंड करपतं आणि खांदा ताठच राहतो, आणि खांद्याचं माप हलतं ही मूळ तक्रार तशीच उरते.

वेळ ठरवायला दोन गोष्टी लागतात. पहिली, तापमान दाखवणारा टेम्पिलॅकसारखा लेप, ४७५ अंश फॅरेनहाइटचा. तो खांद्याच्या खाली सेंटिमीटरभर अंतरावर बाहेरून एक उभी रेघ मारून लावायचा आणि सुकू द्यायचा. मानेचा ताव पूर्ण होईपर्यंत ही रेघ खालच्या भागात वितळता कामा नये. वितळली तर उष्णता बुडाकडे पोचते आहे. पितळ उष्णता झपाट्यानं वाहून नेतं, त्यामुळे मोठ्या मंद ज्योतीत पंधरा सेकंद धरण्यापेक्षा नेमक्या ज्योतीत सहा सेकंद धरणं सुरक्षित.

दुसरी गोष्ट अंधार. साधारण ५२५ अंश सेल्सिअसच्या सुमारास तापलेल्या धातूची पहिली लाल झाक दिसते, पण ती काळोखातच. दुपारच्या उजेडात जेव्हा लाल दिसतं तेव्हा पुंगळी त्याच्या बरीच पुढे गेलेली असते. म्हणून दिवे मंद करा, दोन-तीन टाकाऊ पुंगळ्या घ्या, आणि मानेवर पहिली झाक दिसेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा. त्या आकड्याच्या आसपास, झाक जेमतेम उमटते तिथे थांबा. .३०८ ला हा वेळ सहा-आठ सेकंद, .२२३ ला चार-पाच, असा येतो. पण तुमच्या टॉर्चचा आकडा तुम्हीच मोजायचा. मग डोळ्यांवर विसंबू नका. फोनवर ६० ठोक्यांचा मेट्रोनोम लावा आणि ठोके मोजून काढा.

ज्योत पुंगळीच्या पलीकडे नारिंगी झाली की थांबा, असा एक ठोकताळा आहे. त्यावर एकट्यावर भिस्त नको. घामातल्या मिठाच्या सोडियमनंही ज्योत पिवळी-नारिंगी होते. बोटांनी हाताळलेली पुंगळी लवकर नारिंगी दाखवते, धुतलेली उशिरा.

टॉर्चचा खरा शत्रू म्हणजे सरकत जाणारी ज्योत. सलग वापरात सिलिंडर गार पडतो, आतला दाब उतरतो, आणि साध्या टॉर्चची ज्योत हळूहळू लहान होत जाते. पहिल्या पुंगळीला सात सेकंद बरोबर होते, साठाव्या पुंगळीला तेच सात सेकंद कमी पडतात, आणि आपल्याला कळत नाही. रेग्युलेटरवाला टॉर्च घ्या. दहा-पंधरा डॉलर जास्त गेले तरी जाऊ देत. दर वीस पुंगळ्यांनंतर एक टाकाऊ पुंगळी घालून वेळ पुन्हा तपासा. पंखा किंवा दारातून येणारा वारा ज्योत वाकवतो. पण गॅरेजचं दार बंद करून गॅस जाळणंही धोक्याचं, कार्बन मोनॉक्साइड साचतो. वारा आडवा येणार नाही पण हवा खेळेल अशी जागा शोधा. त्या टेबलावर, त्या खोलीत बंदुकीच्या दारूचे डबे आणि प्रायमर नकोत. गरम पुंगळी पडायला ओली फडकी किंवा स्टीलची परात ठेवा, प्लास्टिकचा डबा नको. काम झाल्यावर हात धुवा, पुंगळ्यांना प्रायमरमधलं शिसं लागलेलं असतं.

परातीत इंचभर पाणी घालून पुंगळ्या उभ्या करायच्या, टॉर्च फिरवायचा आणि लाल झाली की आडवी पाडायची, ही आजोबांच्या काळातली रीत. बूड वाचतं हे खरं. पण पुंगळी फिरत नाही, एक बाजू नरम आणि दुसरी ताठ राहते, आणि अशी मान बुलेट तिरकी धरते. शिकारीच्या जुन्या .३०-०६ साठी चालून जाईल. नेमबाजीसाठी नाही.

ड्रिल आणि यंत्र यांच्या मधे गॅसवर चालणारी फिरती यंत्रं आहेत. अ‍ॅनिलीझमध्ये पुंगळी रुळांवर लोळत ज्योतीतून जाते, बेंच सोर्समध्ये फिरत्या तबकडीवर दोन टॉर्चच्या मधे थांबते. वेळ मोजण्याचं काम मोटर करते, त्यामुळे माणसाचा अंदाज संपतो. ज्योतीचा प्रश्न मात्र उरतोच: अंतर, वारा, उतरता दाब. महिन्याला तीन-चारशे पुंगळ्या .२२३ च्या असतील तर अ‍ॅनिलीझसारखं यंत्र माझ्या मते सगळ्यात शहाणी खरेदी आहे. लांब पल्ल्याच्या सामन्यांसाठी गोळीच्या वेगातले सेकंदाला पाच-सहा फुटांचे फरक मोजत बसणाऱ्यानं मार्क टूकडे जावं.

नायट्रेट क्षारांच्या वितळलेल्या कढईत पुंगळ्या बुडवण्याची एक पद्धतही विकली जाते. पाचशे अंशांच्या पुढच्या त्या क्षारात पाण्याचा एक थेंब पडला तरी उकळता क्षार अंगावर उडतो, आणि नायट्रेट स्वतः ज्वलनाला मदत करतं. नंतर प्रत्येक पुंगळी धुऊन सुकवायची ती वेगळीच. घरात हे करू नये, एवढंच त्याबद्दल.

राहिली टपालसेवा. अमेरिकेत अनेक छोटे व्यावसायिक पुंगळीमागे काही सेंट ते थोडे जास्त घेऊन अ‍ॅनिलिंग करून देतात. प्रायमर काढलेल्या रिकाम्या पुंगळ्या टपालानं पाठवायला अडचण नसते. जिवंत प्रायमर असलेली एकही त्यात जाता कामा नये. वर्षातून दोनदा शंभर-दीडशे पुंगळ्या करायच्या असतील तर सेवा यंत्रापेक्षा खूप स्वस्त पडते. पण पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा. काम इंडक्शनवर होतं की ज्योतीवर? इंडक्शनवर असेल तर माझ्या लॉटसाठी वेगळा कोड काढणार का, आणि त्यासाठी बळीची पुंगळी मी पाठवू की तुमची? माझ्याच पुंगळ्या परत येणार ना, की ढिगातल्या? त्या आधी साइझ करणार की फक्त तापवणार? ‘आम्ही सगळ्या .३०८ एकाच सेटिंगवर करतो’ असं उत्तर आलं तर ते काम घरच्या टॉर्चनंही तितकंच होईल.

खूण करायची असेल तर मानेवर मार्करनं करू नका, ती जळून जाते. पाच पुंगळ्यांच्या बुडावर एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) खाचेपाशी खूण करा, आणि त्या पाचांच्या खांद्यापर्यंतचं माप कंपॅरेटर या मोजणीच्या जोडानं घेऊन लिहून ठेवा. काम अडीच-तीन आठवडे अडकतं, म्हणून दुप्पट पुंगळ्या फिरत्या ठेवाव्या लागतात. तो खर्चही सेवेच्या दरात धरा.

परत आलेला माल असो की घरचा, तपासायची रीत एकच, आणि रंग ही ती रीत नाही. लॅपुआच्या नव्या पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक असते, कारण कारखाना ती पॉलिश करून घालवत नाही. इतर कंपन्या घालवतात म्हणून त्यांच्या पुंगळ्या तापवलेल्या नाहीत असं नाही. तुमच्या पुंगळीवर तशी झाक आली म्हणजे काम झालंच, असंही नाही. खूप कमी तापमानालाही रंग बदलतो.

एक पुंगळी घ्या, मानेला पक्कडीनं हलकेच दाबा. थोडी चेपून सोडल्यावर बरीचशी मूळ आकाराकडे परतली तर ठीक. अजिबात दबली नाही तर ताठ आहे, दाबली तशीच चपटी राहिली तर जास्त तापली. मग दहा पुंगळ्या एकाच डायमधून काढून खांद्याचं माप घ्या. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या मापातलं अंतर ०.००१ इंचाच्या आत आलं, तर अ‍ॅनिलिंग काम करतं आहे. ते आधी ०.००३ होतं आणि आताही ०.००३ च असेल, तर पैसे आणि गॅस दोन्ही वाया गेले. साइझिंगच्या नंतर नव्हे, आधीच तापवायचं. उलट क्रम लावला तर डायनं दिलेला ताण मानेतून निघून जातो आणि बुलेटवरची पकड ढिली पडते.

दर फेरीला करावं की तीन-चार फेऱ्यांनी? यंत्र असेल तर दर फेरीला, कारण मग प्रत्येक वेळी पितळ त्याच जागेवरून सुरुवात करतं. टॉर्च असेल तर तीन फेऱ्यांनी, पण लॉटमधल्या सगळ्या पुंगळ्या एकाच वेळी. अर्ध्या तापवलेल्या आणि अर्ध्या तशाच, अशी मिसळ दोन्हीपेक्षा वाईट.

या सगळ्याशी भारताचा एक जुना संबंध आहे. ब्रिटिश फौजेच्या काळात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप चिरा जात. ऋतूनुसार येते म्हणून तिला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडलं. कारण १९२१ मध्ये स्पष्ट झालं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा, आणि घडवताना पितळात अडकलेला ताण. ताण काढून टाकला की चिरा थांबत. आजच्या वापरणाऱ्यासाठी यातून निघणारी गोष्ट साधी आहे: घरातलं अमोनियावालं पितळी पॉलिश, जे समईला उत्तम, ते पुंगळीला लावायचं नाही.

भारतात राहणाऱ्या परवानाधारकांसाठी एवढंच, की १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतुसं भरण्याचा परवाना नव्हे. अमेरिकेत स्वतःसाठी भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायला लागतो.

मार्क टू घेतलं असेल तर शेवटचं काम पेटीवर. प्रत्येक पन्नासाच्या पेटीवर चिठ्ठी चिकटवा: कंपनी, लॉट नंबर, किती फेऱ्या झाल्या, पायलट नंबर, अ‍ॅझटेकचा कोड, आणि माना टर्न केल्या असतील तर जाडी. कोड फक्त यंत्रात किंवा डोक्यात ठेवला की सहा महिन्यांनी दुसरी पुंगळी बळी द्यावी लागते.